हायकोर्ट-सुप्रीम कोर्टाचे निकाल: शोधायचे कुठे, मराठीत मिळवायचे कसे आणि त्यावर विसंबायचं किती

हायकोर्टाचा किंवा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचायला पैसे लागत नाहीत, वकीलपत्र लागत नाही, ओळखही लागत नाही. लागतो तो प्रकरणाचा नेमका क्रमांक, आणि तो कुठल्या रकान्यात टाकायचा याची माहिती. एवढंच ठाऊक नसल्यामुळे स्वतःच्याच जमिनीच्या अपिलात काय झालं हे व्हॉट्सॲपवर आलेल्या तीन ओळींवरून समजून घेणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. वकील लागणारच; पण निकाल स्वतः वाचून गेलात तर त्यांना विचारायचे प्रश्न नेमके होतात.

आधी क्रमांक नीट लावून घ्या

बहुतेक जण इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

मुंबई उच्च न्यायालयात अपील किंवा याचिका दाखल केली की आधी स्टॅम्प नंबर पडतो. कागदपत्रांवरच्या कार्यालयीन हरकती निघाल्या की मग रजिस्टर नंबर मिळतो. हे दोन आकडे वेगळे असतात, आणि शोधताना स्टॅम्प की रजिस्टर हे आपणच निवडायचं असतं. सुरुवातीच्या दिवसांत वकिलांच्या ऑफिसातून जो नंबर कळवला जातो तो बहुधा स्टॅम्प नंबर असतो. त्यात ‘एसटी’ ही अक्षरं दिसली तर शंकाच नको.

त्यानंतर प्रकार. फर्स्ट अपील म्हणजे एफए, सेकंड अपील म्हणजे एसए, रिट याचिका म्हणजे डब्ल्यूपी, दिवाणी पुनरीक्षण अर्ज म्हणजे सीआरए. आकडा बरोबर, वर्ष बरोबर, पण एफएच्या जागी एसए निवडलं तर ‘रेकॉर्ड सापडलं नाही’ असं उत्तर येतं, नाहीतर त्याहून वाईट, भलत्याच कुणाचं प्रकरण उघडतं.

मग खंडपीठ. मुंबईत मूळ शाखा आणि अपील शाखा अशा दोन वाटा आहेत. मुंबई शहरातले, थेट हायकोर्टातच सुरू होणारे दावे मूळ शाखेत असतात. जिल्ह्यांतून वर आलेली अपिलं अपील शाखेत. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा यांचे पर्याय वेगळे. कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं. त्याच्याकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे आहेत. त्याआधी निकाली निघालेलं साताऱ्याचं अपील मात्र मुंबईच्या अपील शाखेतच शोधायचं.

सुप्रीम कोर्टात घोळ आणखी वाढतो. दाखल होताच डायरी नंबर मिळतो. पुढे विशेष अनुमती याचिकेचा, म्हणजे एसएलपीचा नंबर पडतो. कोर्टाने अनुमती दिली की त्याच प्रकरणाचं दिवाणी किंवा फौजदारी अपील होतं आणि तिसराच नंबर लागतो. अंतिम निकालावर हा तिसरा नंबर छापलेला असतो, घरच्यांना पाठ असतो तो एसएलपीचा. डायरी नंबर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच राहतो. वहीत लिहून ठेवायचा असेल तर तोच ठेवा.

यातलं काहीच हाताशी नसेल तर सीएनआर नंबर पाहा. सोळा अक्षर-अंकांचा हा क्रमांक देशभरात एकाच प्रकरणाचा असतो. पण खालच्या कोर्टाचा सीएनआर आणि हायकोर्टाचा सीएनआर वेगळे. पुण्याच्या दिवाणी कोर्टाचा नंबर टाकून हायकोर्टाचा निकाल निघणार नाही.

हायकोर्टाचा निकाल उतरवून घेताना

मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर ‘केस स्टेटस’मध्ये खंडपीठ, शाखा, प्रकार, क्रमांक आणि वर्ष भरा, खालची कॅप्चाची अक्षरं टाका. प्रकरणाचं पान उघडलं की त्यात आदेशांची यादी मिळते. यादी लांब असेल तर घाबरू नका. त्यातले बरेचसे ‘पुढील तारीख अमुक’ एवढेच असतात. प्रकरण निकाली निघाल्याची तारीख पाहा आणि त्या दिवसाची पीडीएफ उघडा.

ती उघडली की समासात किंवा तळाशी कधी अपलोड झाली आणि तुम्ही कधी डाउनलोड केली अशा दोन तारखा दिसतात. कोणी निकाल म्हणून फाइल पाठवली आणि त्यावर ही ओळ नसेल, तर ती टाइप केलेली नक्कल असू शकते. मग स्वतः पुन्हा उतरवून घ्या.

एक गोष्ट वकिलांना माहीत असते, पक्षकारांना सहसा नसते. निकालात नाव, तारीख, सर्व्हे नंबर असं काही चुकलं तर मुंबई हायकोर्टात ‘स्पीकिंग टू द मिनिट्स’साठी प्रकरण पुन्हा बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, घेतात आणि दुरुस्तीचा छोटा आदेश होतो. म्हणून निकालाच्या तारखेनंतरचेही आदेश पाहायचे. सातबाऱ्यावर अंमल घ्यायला गेल्यावर गट नंबर चुकलाय हे तलाठी कार्यालयात कळण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं.

क्रमांक अजिबात माहीत नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, फक्त इंग्रजी स्पेलिंगचा खेळ असतो. चव्हाण हे आडनाव तीन-चार प्रकारे लिहिलं जातं, लक्ष्मणमध्ये ‘एक्स’ असतो किंवा ‘केएस’. सगळी रूपं करून पाहा. जमिनीच्या जुन्या प्रकरणात मूळ वादी केव्हाच वारलेला असतो आणि वारस नंतर रेकॉर्डवर आलेले असतात. तरी प्रकरण बहुधा मूळ माणसाच्याच नावाने लागलेलं असतं. आजोबांचं नाव टाकून बघा.

आणखी एक वाट आहे: ई-कोर्ट्स प्रकल्पाचं निकाल-शोध पोर्टल. पत्ता ‘जजमेंट्स डॉट ईकोर्ट्स डॉट जीओव्ही डॉट इन’. इथे हायकोर्टांच्या निकालांच्या मजकुरात शब्द शोधता येतात. एखादा वाक्प्रचार जसाच्या तसा, सगळे शब्द, किंवा कुठलाही एक शब्द, असे पर्याय आहेत. एखाद्या कलमावर हायकोर्टाने काय काय म्हटलंय हे पाहायचं असेल तर आधी वाक्प्रचाराचा पर्याय निवडा, नाहीतर हजारो निकाल समोर येतील.

जिल्हा न्यायालय हेसुद्धा अपिलाचं कोर्ट आहे, हे विसरायला होतं. दिवाणी न्यायाधीशांच्या अनेक निकालांवरचं पहिलं अपील तिथेच जातं. त्याचे आदेश ई-कोर्ट्सच्या जिल्हा न्यायालयांच्या पानावर किंवा ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ ॲपवर मिळतात. आपल्याकडे खालच्या कोर्टांची भाषा मराठी असल्यामुळे इथला निकाल मुळातच मराठीत असण्याची शक्यता असते.

निकालावरचा लांबलचक क्रमांक कसा वाचायचा

२०२३ पासून निकालांवर तटस्थ संदर्भ-क्रमांक छापला जातो. समजा, तो ‘२०२४:बीएचसी-एएस:१२३४-डीबी’ असा आहे. प्रत्यक्षात तो इंग्रजी अक्षरांत असतो. २०२४ हे वर्ष, बीएचसी म्हणजे मुंबई हायकोर्ट, एएस म्हणजे अपील शाखा, मग निकालाचा अनुक्रमांक आणि डीबी म्हणजे दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ. मूळ शाखेला ओएस, नागपूरला एनएजी, संभाजीनगरला अजून एयूजी. सुप्रीम कोर्टाचा क्रमांक सोपा: वर्ष, आयएनएससी आणि अनुक्रमांक.

पूर्वी निकालाचा संदर्भ द्यायचा तर खासगी प्रकाशकाच्या ग्रंथाचा खंड आणि पान सांगावं लागे, आणि ते ग्रंथ विकत घेणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं. हा क्रमांक कोर्टानेच दिलेला आहे, फुकट आहे. कोणी ‘सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे’ असं छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्याकडे हा क्रमांक मागा. एआयला विचारून मिळालेल्या निकालांच्या बाबतीत तर हे पथ्य पाळाच. अस्तित्वातच नसलेल्या खटल्यांची नावं ही साधनं बिनदिक्कत देतात. अधिकृत संकेतस्थळावर सापडेपर्यंत तो निकाल नाहीच, असं धरून चाला.

सुप्रीम कोर्ट: एक निकाल प्रत्यक्ष शोधून पाहू

सुप्रीम कोर्टाच्या संकेतस्थळावर ‘जजमेंट्स’ या भागात प्रकरण क्रमांक, डायरी नंबर, निकालाची तारीख, न्यायमूर्तींचं नाव, पक्षकार अशा वेगवेगळ्या वाटा आहेत. कॅप्चा बऱ्याचदा बेरीज-वजाबाकीचा असतो. उत्तर टाकायचं, गणित नाही.

सराव म्हणून विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा हा निकाल काढा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा, म्हणजे आपल्याकडच्या घराघरातला विषय. तारीख ११ ऑगस्ट २०२०, डायरी नंबर ३२६०१, वर्ष २०१८. तारखेने शोधलं तर त्या दिवशीच्या निकालांची यादी येईल, डायरी नंबर टाकला तर थेट प्रकरण. पीडीएफच्या पहिल्या पानावर ‘सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड’ असं दिसलं तर निकाल बनावट आहे असं समजू नका. तुमच्या मोबाइलमधल्या वाचकाला डिजिटल सहीची खात्री करता आली नाही, इतकाच त्याचा अर्थ.

निकाल शंभरावर पानांचा आहे. पहिल्या पानापासून वाचायला बसलात तर मिताक्षरेच्या, म्हणजे जुन्या हिंदू वारसा-परंपरेच्या, चर्चेतच दम निघेल. शेवटची चार पानं उघडा. तिथे उत्तरं पाच मुद्द्यांत दिली आहेत: मुलगी हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीआधी जन्मलेली असो वा नंतर, तिचा हक्क जन्माने येतो; ९ सप्टेंबर २००५ रोजी, म्हणजे दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात असायलाच हवेत असं नाही; २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीर रीतीने झालेली वाटणी मोडता येत नाही; वगैरे.

जुने निकाल हवे असतील तर ‘डिजी एससीआर’ पाहा. सुप्रीम कोर्टाचा अधिकृत निकालसंग्रह २ जानेवारी २०२३ ला ‘ई-एससीआर’ म्हणून सगळ्यांना मोफत खुला झाला आणि २८ जानेवारी २०२४ ला त्याचं हे नवं रूप आलं. १९५० पासूनचे निकाल त्यात आहेत.

मराठी भाषांतर कुठे मिळतं

सुप्रीम कोर्टाने २०१९ पासून निवडक निकालांची भारतीय भाषांतली भाषांतरं संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली. मराठी पहिल्यापासूनच त्यात आहे. गोव्यातल्या वाचकांसाठी कोकणीही आहे. संकेतस्थळावर प्रादेशिक भाषांतल्या निकालांचा वेगळा विभाग आहे, आणि डिजी एससीआरवर भाषा निवडता येते. मुंबई हायकोर्टाच्या संकेतस्थळावरही भाषांतरित निकालांचा विभाग आहे. दोन्हीकडे भाषांतर शोधताना क्रमांक मूळ इंग्रजी निकालाचाच टाकायचा. मराठी शब्द टाकून शोधू नका.

सगळे निकाल मराठीत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. जे महत्त्वाचे ठरले, ज्यांचा परिणाम अनेकांवर होतो, त्यांना प्राधान्य मिळतं. तुमच्या बांधाच्या वादावरचं सेकंड अपील आपोआप मराठीत येईल अशी आशा धरू नका.

भाषांतराचा कच्चा खर्डा ‘सुवास’ नावाचं सॉफ्टवेअर करतं. ते नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालं. मग माणसं तो तपासतात. तपासावाच लागतो, कारण सुप्रीम कोर्टात अनुमती मिळाल्याचं जे ठरलेलं वाक्य आहे, ‘लीव्ह ग्रँटेड’, त्याचं यंत्राने ‘सुट्टी मंजूर’ या अर्थाचं भाषांतर केल्याचा किस्सा न्यायाधीशांच्याच तोंडून जाहीर झालेला आहे.

प्रत्येक मराठी भाषांतरावर एक सूचना छापलेली असते. तिचा मथितार्थ असा: हे भाषांतर पक्षकाराला आपल्या भाषेत निकाल समजावा एवढ्यापुरतं आहे, अंमलबजावणीसाठी आणि बाकी सगळ्या कामांसाठी इंग्रजी निकालच ग्राह्य. ही नुसती औपचारिकता समजू नका. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार, संसद कायद्याने वेगळी तरतूद करेपर्यंत सुप्रीम कोर्टाची आणि हायकोर्टांची भाषा इंग्रजी आहे. तहसीलदारांपुढे किंवा दुसऱ्या कोर्टात मराठी प्रत एकटी देऊ नका. इंग्रजी प्रत वर, मराठी सोबत.

भाषांतर नसेल तर काय? तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. हेल्पलाइन १५१००. तिथले वकील अख्खा निकाल लिहून देणार नाहीत, पण आदेश समजावून सांगण्याचा आग्रह जरूर धरा. संगणक जमत नसेल तर कोर्टातल्या ई-सेवा केंद्रात निकाल शोधून मिळतो.

स्वतः मोबाइलवर यंत्राकडून भाषांतर करून घेणार असाल तर तर्क-चर्चेची पानं खुशाल त्यावर वाचा. शेवटचा आदेश मात्र शब्दकोश घेऊन शब्दागणिक ताडून पाहा, विशेषतः नकार, तारखा आणि ‘च्या अधीन राहून’ यासारख्या अटी. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश यासाठी उत्तम. यंत्र एखादा ‘नॉट’ गिळतं आणि हरलेला माणूस पेढे वाटतो.

आदेश वाचताना फसवणाऱ्या जागा

मुंबई हायकोर्टाच्या निकालाच्या शेवटी बऱ्याचदा एकच ओळ असते: याचिका मान्य, ‘प्रार्थना कलम अ’ प्रमाणे रूल ॲब्सोल्यूट, म्हणजे त्या कलमातली मागणी मंजूर. तुम्हाला नेमकं काय मिळालं हे या ओळीत नाही. ते याचिकेच्या शेवटी, मागण्यांच्या यादीत आहे. म्हणून याचिकेची प्रत वकिलांकडून पहिल्याच दिवशी मागून ठेवा. निकाल तिच्याविना अर्धाच राहतो.

दुसरी जागा एसएलपीची. ‘सुप्रीम कोर्टाने फेटाळली, म्हणजे हायकोर्टाच्या निकालावर शिक्का बसला’ असं सर्रास बोललं जातं. कारणं न देता एका ओळीत एसएलपी फेटाळली असेल तर सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचं म्हणणं बरोबर ठरवलं असा अर्थ होत नाही. कुन्हयम्मद विरुद्ध केरळ राज्य या २००० सालच्या निकालात हे स्पष्ट केलेलं आहे.

तिसरी, आणि सगळ्यात महाग पडणारी. वाचताय तो निकाल आजही टिकून आहे का? प्रकाश विरुद्ध फुलवती या २०१५ च्या निकालात सुप्रीम कोर्टानेच म्हटलं होतं की दुरुस्तीच्या दिवशी वडील आणि मुलगी दोघंही हयात हवेत. पाच वर्षांनी विनीता शर्मा निकालाने ते मत मोडीत काढलं. पण फुलवतीची पीडीएफ संकेतस्थळावर तशीच आहे आणि पुढेही राहील; त्यावर ‘रद्द’ असा शिक्का कोणी मारत नाही. म्हणून खटल्याचं नाव शोध पोर्टलवर टाकून नंतरच्या निकालांत त्याच्याविषयी काय म्हटलंय ते पाहा. ‘इंडियन कानून’ या मोफत संकेतस्थळावर एखाद्या निकालाचा उल्लेख पुढे कुठे कुठे झाला त्याची यादी मिळते. तिथे शोधा, मूळ प्रत मात्र कोर्टाच्या संकेतस्थळावरूनच घ्या.

मुदत मराठी प्रतीसाठी थांबत नाही

हायकोर्टाच्या निकालाविरुद्ध एसएलपीसाठी साधारणपणे ९० दिवस. दिवाणी हुकूमनाम्यावरचं अपील जिल्हा न्यायालयात असेल तर ३० दिवस, हायकोर्टात ९०. हे दिवस इंग्रजी निकालापासूनच मोजले जातात. प्रमाणित प्रत मिळवण्यात गेलेले दिवस मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे वगळता येतात, पण नकलेचा अर्ज दिल्यापासून प्रत तयार होईपर्यंतचेच. अर्ज द्यायला तुम्ही महिनाभर उशीर केलात तर तो महिना तुमच्या खात्यावर. भाषांतराची वाट पाहण्यात गेलेले दिवस कोणी माफ करेल या भरवशावर राहू नका. निकाल लागला त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज टाका, वाचन मागाहून.

उतरवलेली पीडीएफ आणि प्रमाणित प्रत

वाचायला, वकिलाचा सल्ला घ्यायला पीडीएफ पुरते. अपील, दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज), फेरफार अशा कामांना कोर्टाच्या शिक्क्याची प्रमाणित प्रत लागते. ती नक्कल विभागात अर्ज करून मिळते. हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टात ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे. फौजदारी खटल्यात कैदेची शिक्षा झाली तर आरोपीला निकालाची प्रत लगेच आणि मोफत द्यावीच लागते. शिवाय त्याने मागितलं तर, शक्य असल्यास त्याच्या भाषेतलं, नाहीतर कोर्टाच्या भाषेतलं भाषांतरही विनाविलंब द्यायचं असतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ मध्ये ही तरतूद आहे. तुरुंगातल्या माणसाच्या नातेवाइकांनी कलमाचा आकडा घालून अर्ज द्यावा. तोंडी विनंती कागदावर राहत नाही.

निकाल इतरांना पाठवायला, छापायला हरकत नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ न्यायालयाचे निकाल छापायला मोकळीक देतं, कोर्टाने मनाई केली नसेल तर. खासगी प्रकाशकाने स्वतः लिहिलेली शीर्षटिपणं, म्हणजे निकालाच्या वर दिलेला सारांश, मात्र त्याची असतात, ती उचलू नका. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत पीडितेचं नाव झाकलेलं असतं, त्यामुळे नावाने शोधून ते निकाल मिळणार नाहीत. आणि तुम्हाला ते नाव ठाऊक असलं तरी कुठेही लिहू नका, तो गुन्हा आहे.

दुसऱ्याच्या खटल्यातली कागदपत्रं हवी असतील, समजा शेजारच्या गटावरच्या अपिलातली, तर माहिती अधिकाराचा अर्ज उपयोगाचा नाही. ४ मार्च २०२० ला गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्रयस्थ माणसाने हायकोर्टाच्या नियमांप्रमाणेच नकलेसाठी अर्ज करायचा. त्या अर्जात कागद कशासाठी हवे ते कारण लिहावं लागतं, आणि तिथे ‘माहितीसाठी’ एवढंच लिहून भागत नाही. आपला गट नंबर, त्या खटल्याशी आपल्या जमिनीचा संबंध आणि कुठल्या तारखेचा कोणता कागद हवा, हे तिन्ही लिहा.